हातपंप : एका साध्या यंत्राचा इतिहास

योहानाच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री येशूजवळ एक अगदी व्यवहारातली शंका काढते. विहीर खोल आहे, तुमच्याजवळ पोहरा नाही, मग पाणी काढणार कशाने, असे ती विचारते. प्रवचनांतून आपण ह्या संवादाचा आध्यात्मिक अर्थ ऐकत आलो आहोत आणि तो खरा आहेच. पण रोज भर उन्हात घागर घेऊन विहीर गाठणाऱ्या बाईच्या अनुभवातूनच ही शंका आली आहे, हेही विसरू नये. जमिनीत पाणी आहे की नाही, हा एक प्रश्न. ते वर कसे आणायचे, हा दुसरा. ह्या दोहोंच्या मागून येणारा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. उद्या तो पोहरा फुटला, तर तो दुरुस्त कोण करणार?

भारतातील खेड्यांच्या पिण्याच्या पाण्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास ह्या तीन प्रश्नांभोवती फिरतो. ह्या इतिहासाच्या केंद्रस्थानी एक साधे यंत्र आहे. शहरात त्याला हातपंप म्हणतात, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे हापसा. ते जगभर पोहोचले. परंतु त्याचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात, जालना आणि सोलापूर येथे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कातळाखालचे पाणी

महाराष्ट्राचा फार मोठा भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या कातळावर वसलेला आहे. नदीकाठच्या वाळूत पाणी जसे सर्वत्र मुरून राहते, तसे ते ह्या कातळात राहत नाही. वरचा मुरूम, खडकातील भेगा आणि दोन थरांमधील सांधे एवढ्याच जागी त्याचा साठा असतो. आमच्या पूर्वजांनी पहार, छिन्नी आणि सुरुंग ह्यांच्या बळावर जे आड, विहिरी आणि बारवा खोदल्या, त्या बहुधा ह्या वरच्या थरापर्यंतच पोहोचल्या. पाऊस चांगला झाला तर उन्हाळा कसाबसा निभावे. पाऊस हुकला की विहिरीचा तळ उघडा पडे, आणि मग बाया आत उतरून झऱ्यातले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत. एका हंड्यासाठी तासन्‌तास बसून राहणे ही त्या काळी कौतुकाने किंवा करुणेने सांगण्याची गोष्ट नव्हती. तो घरकामाचाच एक भाग होता.

कातळाच्या खोल भेगांतही पाणी असू शकते, हे भूगर्भशास्त्रज्ञांना माहीत होते. पण पन्नास-साठ मीटर कातळ भेदायचा कसा? ह्याचे उत्तर दगडखाणींच्या धंद्यातून आले. हवेच्या दाबावर चालणारा घण थेट भोकाच्या तळाशी नेऊन खडक फोडण्याची युक्ती निघाली आणि जे काम हातांनी करायला महिने लागत, ते एक-दोन दिवसांत होऊ लागले. वीतभराहूनही कमी रुंदीचे भोक, वरच्या भागात लोखंडी नळी आणि खाली स्वच्छ, गार पाणी. सरकारी कागदात हिला विंधन विहीर म्हणतात, गावकरी नुसते बोअर म्हणतात.

१९६६-६७ साली बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. जयप्रकाश नारायण ह्यांच्या नेतृत्वाखाली बिहारात मोठे मदतकार्य उभे राहिले. युनिसेफ ही संयुक्त राष्ट्रसंघाची बालकांसाठी काम करणारी संस्था. तिने ह्याच सुमारास कठीण खडकाच्या प्रदेशांसाठी विंधन यंत्रे पुरवण्यास सुरुवात केली. बालकांच्या संस्थेने खडक फोडण्याच्या कामात का पडावे, असे कोणाला वाटेल. पण लहान मुलांच्या हगवणीचे आणि कुपोषणाचे मूळ गढूळ, दूषित पाण्यात असते; औषधाची बाटली देऊन पाणी तेच ठेवले, तर मूल पुन्हा आजारी पडते.

पाठोपाठ १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. खडी फोडणारे हजारो हात, सुकडी आणि मिलो ज्वारी ह्यांच्या आठवणी त्या पिढीच्या मनात अजून ताज्या आहेत. त्याच काळात, १९७२-७३ साली, केंद्र सरकारने ग्रामीण पाणीपुरवठ्याचा त्वरित कार्यक्रम हाती घेतला. ज्या गावाला १.६ किलोमीटरच्या आत पाणी नाही, किंवा असले तर ते १५ मीटरहून खोल आहे, असे गाव समस्याग्रस्त मानायचे, अशी व्याख्या ठरली. देशात अशी गावे हजारोंनी निघाली. यंत्रे गावोगाव फिरू लागली, बोअर पडू लागल्या, त्यांवर हातपंप बसू लागले. पाण्याचा प्रश्न आता सुटला, असे अनेकांना वाटले.

चारांपैकी तीन मुके

सत्तरच्या दशकाच्या मध्यास हे पंप चालतात की नाही, ह्याची पाहणी करण्यात आली, तेव्हा अधिकाऱ्यांना धक्का बसला. चार पंपांपैकी तीन बंद होते. लाखो रुपये खर्चून पाडलेल्या बोअर जागच्या जागी होत्या, खाली पाणीही होते. फक्त ते वर येत नव्हते. बंद पंपाला शेळी बांधून बाया पुन्हा जुन्या विहिरीची वाट चालू लागल्या होत्या.

दोष कोणाचा? गावकऱ्यांना यंत्र वापरता येत नाही, ते दांडा हिसकतात, मुले त्यावर लोंबकळतात, असे साहेबलोक म्हणत. ह्या आरोपात थोडे तथ्य होते, पण मूळ कारण वेगळे होते. हे ओतीव लोखंडाचे पंप युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या अंगणात बसवल्या जाणाऱ्या पंपांच्या नकला होत्या. तेथे एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा दांडा हलवायचा, तोही उथळ पाण्यासाठी. आपल्याकडे त्याच पंपावर शेकडो माणसे पहाटेपासून दिवे लागेपर्यंत रांग लावत, आणि पाणी तर कितीतरी खोल. दांड्याचे सांधे झिजत, खिळी निसटत, ओतीव लोखंड तडकत असे, आत दट्ट्याला ओढणारी सळई वाकडी होई. घोड्याच्या टांग्याला मालगाडी जुंपावी, तसा हा प्रकार होता. पंप बिघडला की गावात तो उघडता येणारा माणूस नव्हता, सुटे भाग नव्हते आणि तालुक्याला पाठवलेल्या अर्जाला उत्तर नव्हते. आपण गरिबांसाठी यंत्र निवडले, पण ते वापरणार कोण आणि किती वेळा, हे मोजलेच नाही.

जालना आणि सोलापूर

ह्या कोड्याचे उत्तर राजधानीत सापडले नाही. ते मराठी मुलखातील दोन मिशन-कार्यशाळांत आधीच आकार घेत होते.

जालन्याचा आणि स्कॉटिश मिशनचा संबंध जुना. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली होती. त्याच परंपरेतील मिशनने १९६० च्या दशकात दुष्काळी गावांसाठी विंधन विहिरींचे काम हाती घेतले. सोलापूर येथेही मिशनच्या आश्रयाने असेच काम चालू होते. ही मंडळी प्रॉटेस्टंट होती. कॅथलिक वाचकांनी त्यांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करावे, असे हे काम आहे.

ह्या दोन ठिकाणच्या लोकांकडे एक गोष्ट होती जी मोठ्या खात्यांकडे नव्हती. पंप बसवणारे आणि तो बिघडल्यावर बोलणी खाणारे तेच होते. गेल्या महिन्यात बसवलेला पंप आज का बंद पडला, हे त्यांना त्याच गावात जाऊन पाहावे लागे. त्यातून त्यांनी एकेक दोष काढून टाकला. ओतीव लोखंडाऐवजी जोडकामाचे पोलाद वापरले. दांड्याचे अनेक सांधे काढून एकच आस ठेवली. सोलापूरच्या पंपात ह्या सुधारणा अधिक पक्व झाल्या. आसाला धूळ-पाणी न शिरणारी बंदिस्त बेअरिंग आली, आणि दांडा व सळई ह्यांच्यामध्ये साखळी आली, जेणेकरून दांडा कसाही हलला तरी सळई सरळच वर-खाली व्हावी. ह्या पंपाचे श्रेय शाळा-कॉलेजात यंत्रशास्त्र न शिकलेल्या, हातांनीच शिकलेल्या एका भारतीय कारागिराला दिले जाते. त्या काळी उपलब्ध असलेल्या सर्व पंपांत सोलापूरचा पंप सर्वांत टिकाऊ मानला गेला.

भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी नवा पंप तयार करायचे ठरवले, तेव्हा हाच पंप पायाभूत धरला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रूडास ह्या सरकारी कारखान्यात त्याचे नमुने बनले आणि तामिळनाडूत त्यांची कसोटी झाली. नव्या पंपात भरीव पोलादी दांडा होता. त्याच्या वजनाने खालच्या सळयांचा भार तोलला जाई आणि लहान मुलीलाही तो ओढता येई. पंपाचे पाय बोअरच्या नळीवर न टेकवता काँक्रीटच्या चौथऱ्यात पक्के रोवले, त्यामुळे सांडलेले घाण पाणी पुन्हा बोअरमध्ये उतरण्याची वाट बंद झाली. त्याचे नाव ठेवले ‘इंडिया मार्क टू’. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि १९७९ साली त्याचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले.

ह्या पंपावर कोणीही मालकी हक्क घेतला नाही. आराखडा सर्वांना खुला राहिला. ज्या कारखान्याला मानकाप्रमाणे माल देता येईल, त्याने तो बनवावा आणि तपासणीतून पास करून घ्यावा, एवढीच अट होती. त्यामुळे किंमत आवाक्यात राहिली आणि एका पंपाचा सुटा भाग दुसऱ्याला बसू लागला. १९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रसंघाचे पेयजल दशक. त्या काळात हा पंप आफ्रिकेतही रुजला. युगांडाने तर त्याचे आपले राष्ट्रीय मानक ठरवून घेतले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर बसवलेल्या ह्या पंपांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती.

नारूचा शेवट

ह्या पंपाने काय दिले, ह्याचे एकच उदाहरण पुरेसे आहे. जुन्या पिढीला नारू हा शब्द ऐकताच अंगावर काटा येतो. बारवेच्या पायऱ्या उतरून माणसे पाण्यात पाय बुडवून पाणी भरत. नारू झालेल्या माणसाच्या पायावरील फोडातून जंताच्या अळ्या त्या पाण्यात सुटत, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलपिसवांच्या पोटात वाढत, आणि तेच पाणी प्यायलेल्या दुसऱ्या माणसाच्या शरीरात वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होई. पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत धडधाकट शेतकरी अंथरुणाला खिळे. इस्राएल लोकांना रानात दंश करणारे ‘आग्या सर्प’ म्हणजे नारूच असावा, असेही काही अभ्यासकांचे मत आहे.

नारूवर लस नव्हती आणि आजही नाही. पाणी गाळून पिणे, रोग्याने पाण्यात न उतरणे आणि पायऱ्यांच्या विहिरींच्या जागी बंदिस्त पाण्याची सोय करणे, हाच उपाय होता. देशातील सात राज्यांत हा रोग होता. महाराष्ट्र त्यांपैकी एक. गावोगावी घरोघर फिरून रोगी शोधणारे कार्यकर्ते, गाळण्याची फडकी आणि हातपंप ह्यांच्या साह्याने भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदवला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

पाणी आणि शिवाशिव

त्या शोमरोनी स्त्रीने पोहऱ्याच्या आधी दुसराही एक प्रश्न विचारला होता. यहुदी असून तुम्ही माझ्याजवळ पाणी कसे मागता? आपल्या देशात ह्या प्रश्नाचे उत्तर फार वेदनेने शोधावे लागले. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. जे तळे नगरपालिकेने आधीच खुले केले होते, त्याचे पाणी पिण्यासाठीही माणसांना मार खावा लागला.

हातपंपाने ह्या बाबतीत अर्धेच काम केले. दलित वस्तीत बोअर पडली, तेव्हा वरच्या आळीतल्या कोणी येऊन दुरून पाणी वाढण्याची वाट पाहणे संपले, आणि हे लहान स्वातंत्र्य नव्हते. पण अनेक गावांत वस्तीला वेगळा पंप आणि गावाला वेगळा पंप, अशी वाटणी होऊन जुनी भिंत पोलादात पक्की झाली, हेही खरे. यंत्र पाणी वर आणते. ते एकाच ओट्यावर कोणी भरायचे, हे माणसांनीच ठरवायचे असते.

दुरुस्ती कोणाच्या हाती?

चांगला पंपही कधीतरी बिघडतोच. म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे वळावे लागले. तामिळनाडूत त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली. गावात एक राखणदार, तालुका पातळीवर एक मिस्त्री आणि जिल्ह्यात गाडी-अवजारांसह फिरते पथक. पण मार्क टू पंपातील झडप किंवा दट्ट्याचे चामडी वायसर बदलायचे झाले, तरी साऱ्या नळ्या बाहेर ओढाव्या लागत. त्यासाठी फिरते पथक हवे आणि पथकाची वाट पाहण्यात आठवडे जात. ऐंशीच्या दशकात कोइम्बतूर परिसरात प्रयोग करून ‘मार्क थ्री’ हा पंप तयार झाला. त्याची उभी नळी रुंद ठेवल्यामुळे नळ्या न काढता दट्ट्या वरच्या वर बाहेर घेता येऊ लागला. रुंद नळी महाग आणि जड, म्हणून फार खोल पाण्यासाठी तो सोयीचा ठरला नाही; पण विचाराची दिशा बदलली. पंप किती मजबूत आहे, ह्याबरोबरच तो गावाला उघडता येतो का, हे विचारले जाऊ लागले.

पंप बंद पडला की चालत कोणाला जावे लागते? बाईला. तरीही बरीच वर्षे पाना पुरुषाच्याच हाती राहिला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून खेड्यातील बायांना हातपंप-दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. त्यांतील अनेक जणी निरक्षर आणि दलित होत्या. बायकांना हे जमणार नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांनी पंप उघडले, नळ्या ओढल्या, वायसर बदलले आणि पंप चालू केले.

हापशालाही मर्यादा असते

ह्या इतिहासात हातपंपाचा पराभवही आहे. जमिनीत जेवढे पाणी आहे, तेवढेच तो देऊ शकतो. ज्या विंधन यंत्राने पिण्याचे पाणी वर आणले, तेच पुढे उसाच्या आणि फळबागांच्या सेवेला लागले. विजेच्या मोटारी रात्रंदिवस चालू लागल्या, बोअर दोनशे-तीनशे फुटांवरून आणखी खाली गेल्या, आणि शेजारचा हापसा कोरडा आवाज काढू लागला. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९९३ साली केला. पण बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटेपूर्वी जाते. इतरत्र खोल पाण्याबरोबर फ्लोराइड वर आले, बंगालमध्ये आर्सेनिक आले. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जालना जिल्ह्याने जगाला पंपाचा पहिला धडा दिला, तोच जिल्हा टँकरची वाट पाहत होता.

जमिनीतून काढण्याआधी जमिनीत भरले पाहिजे, हे ज्यांनी आवर्जून सांगितले, त्यांत फादर हर्मन बाखर ह्या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंचे नाव आदराने घ्यावे लागेल. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले. १९८९ साली त्यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली. डोंगरमाथ्यापासून चर, बांध आणि झाडे, आणि त्यासाठी गावाचे श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी. आधी गावाचा निर्धार आणि मग पैसा, असा त्या कामाचा क्रम होता. जालन्याच्या कार्यशाळेत जे यंत्राबाबत उमगले, तेच येथे डोंगराबाबत उमगले. जे गावाच्या हाती नाही, ते गावात टिकत नाही.

आता नळ आले आहेत

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले, तेव्हा देशातील ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांत नळ होता. २०२५ च्या आरंभी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेल्याचे सरकारी आकडे सांगतात. घरात नळ येणे हे प्रत्येक आई-बहिणीच्या डोक्यावरचा हंडा उतरवणारे पाऊल आहे. त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. परंतु सत्तरच्या दशकातही बसवलेल्या पंपांचे आकडे असेच भरघोस होते, आणि चारांपैकी तीन मुके होते. नळाची जोडणी मोजणे सोपे असते. दोन वर्षांनी त्यातून पाणी येते का, मोटार जळाली तर ती कोण भरून देतो, वीजबिल कोण भरतो, विहीर आटली तर काय करायचे, हे मोजायला गावातच कोणीतरी जागे असावे लागते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आज ग्रामपंचायतीत, पाणी समितीत, महिला मंडळात काम करतात. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या गावाच्या पाण्याचा स्रोत कोणता आणि त्यात पाणी भरण्यासाठी आपण काय करतो? ते पाणी वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचते का? आणि बिघाड झाला, तर पाना कोणाच्या हातात आहे?

त्या शोमरोनी स्त्रीची कथा विहिरीवर संपत नाही. आपली घागर तिथेच ठेवून ती गावात गेली आणि साऱ्या गावाला बोलावून घेऊन आली. पाण्याच्या कामाला शेवटी साऱ्या गावालाच यावे लागते.